मुलींच्या हॉकी संघाचा हंगाम एका सामन्यात संपू नये म्हणून



गेल्या वर्षी आमच्या शाळेचा १७ वर्षांखालील मुलींचा हॉकी संघ जिल्हा शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. २-० असा. जूनपासून दोन महिने चिखलात केलेला सराव, आणि सामना जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. परतीच्या एसटीत मुली आधी रडल्या, मग वडापाव खाल्ले आणि शेवटी गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या. मुली हार पचवतात हो, आपल्यालाच जड जातं. मला वाटलं, चला, झालं.

खरा धक्का पुढच्या सोमवारी बसला. सरावाला १६ पैकी फक्त ५ मुली आल्या. आमची सेंटर हाफ, नववीतली, संघातली सगळ्यात चिवट पोरगी, तीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, पप्पा म्हणाले, स्पर्धा संपली ना, मग आता कशाला थांबायचं शाळेत?"

मी विज्ञान शिकवते. शाळेत शारीरिक शिक्षणाचे सर एकच आहेत, त्यामुळे मुलींचा हॉकी संघ माझ्याकडे आला. त्या एका वाक्याने मला जे कळलं, ते आधीच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं. मुलांना मैदानावर जायला परवानगी लागत नाही. मुलींना लागते, आणि ती परवानगी स्पर्धेला बांधलेली असते. स्पर्धा संपली की संध्याकाळचा तो एक तासही संपतो. म्हणून मुलींच्या संघाचा हंगाम किती लांब असावा, हा प्रश्न मला चषकापेक्षा मोठा वाटायला लागला. आजचा लेख त्याबद्दल.

आधी खेळाची थोडी ओळख

ज्यांनी हॉकी फक्त 'चक दे! इंडिया' सिनेमात पाहिली आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू, त्यातली एक गोलकीपर. स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळायचा; गोल बाजूने लागला की फाउल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते, त्यामुळे डावखुरी मुलगीही सगळ्यांसारखीच शिकते. चेंडू पायाला लागला तरी फाउल, अपवाद फक्त गोलकीपरचा. गोल करायचा तर डीच्या आतून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून, आक्रमकाच्या स्टिकचा स्पर्श झाला पाहिजे. लांबून कितीही जोरात मारलं आणि चेंडू थेट जाळीत गेला तरी गोल धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा असतो. शालेय स्पर्धेत वेळ कमी ठेवतात.

शिक्षकांच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचा नियम खेळाडू बदलण्याचा आहे. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. बाहेर गेलेली मुलगी पुन्हा आत येऊ शकते. पेनल्टी कॉर्नर चालू असताना तेवढं थांबायचं. म्हणजे १६ जणींचा संघ नेला आणि पाच जणी सामनाभर पाण्याच्या बाटल्या धरून बसल्या, असं व्हायचं काहीच कारण नाही. तसं झालं तर तो खेळाचा दोष नाही, आपला आहे.

शालेय हंगाम कसा चालतो?

आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. शाळा ऑनलाइन प्रवेशिका भरते, मुलींची ओळखपत्रं आणि जन्मतारखेचे पुरावे गोळा होतात (यात निम्मा जुलै जातो, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे). मग जिल्हा, नंतर विभाग, नंतर राज्य आणि शेवटी राष्ट्रीय, अशा पायऱ्या. राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. याशिवाय पावसाळ्यातच जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धा होते, तिला सगळे 'नेहरू कप' म्हणतात. तिच्यात १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो.

कागदावर हा हंगाम जुलै ते जानेवारीपर्यंत पसरलेला दिसतो. पण तो कोणासाठी? जे जिंकत जातात त्यांच्यासाठी. बाकीच्यांचा हंगाम म्हणजे पाऊस, मुरुमाच्या मैदानावर साचलेलं पाणी, वाहून गेलेली फक्की, आणि एक सामना.

बाद पद्धतीचं गणित

हे गणित मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडलं. तुम्हीही करून बघा, मुलांना आवडतं.

समजा ८ संघ आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो. एकच संघ उरेपर्यंत ७ संघ बाहेर जायला हवेत, म्हणजे एकूण सामने ७. संघ १६ असले तर सामने १५. सूत्र सोपं: संघांच्या संख्येतून १ वजा करा.

आता दुसरा प्रश्न विचारा: कोणाला किती सामने मिळाले? ८ संघांपैकी ४ संघांना एकच सामना. दोघांना दोन. फक्त शेवटच्या दोघांना तीन. संघ १६ करा, ३२ करा, निम्मे संघ एकाच सामन्यात घरी जाणार. त्यात एखाद्या संघाला 'पुढे चाल' मिळाली तर तो न खेळताच दुसऱ्या फेरीत पोचतो आणि तिथे हरला तर त्याचाही हंगाम एका सामन्याचा.

बाद पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन दिवसांत, एका मैदानावर, मोजक्या पंचांमध्ये जिल्ह्याचा विजेता ठरवायचा तर दुसरा सोपा मार्ग नाही. पण ती विजेता शोधण्याची पद्धत आहे, खेळाडू घडवण्याची नाही. परीक्षा घेणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पहिल्या घटक चाचणीत नापास झालेल्या मुलीला आपण "आता पुढच्या जूनमध्ये ये" असं सांगतो का? मैदानावर मात्र नेमकं तेच सांगतो.

दुसरीकडे काय करतात?

माझी नणंद अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. तिची मुलगी तिथल्या हायस्कूलच्या मुलींच्या हॉकी संघात आहे. तिकडे नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरची हॉकी समजतात, म्हणून आपल्या हॉकीला 'फील्ड हॉकी' म्हणतात. गंमत म्हणजे तिथे हा खेळ मुख्यतः मुलींचाच मानला जातो. १९०१ मध्ये इंग्लंडहून आलेल्या कॉन्स्टन्स ॲपलबी या शिक्षिकेने तो तिकडे दाखवला आणि मग मुलींच्या कॉलेजांत रुजवला. १९७२ मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. त्यानंतर शाळांमधल्या मुलींच्या खेळाला मोठं बळ मिळालं.

मी नणंदेला विचारलं, "पहिला सामना हरले की काय करतात?" तिला प्रश्नच कळेना. तिकडे ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत आजूबाजूच्या शाळांशी ठरलेले साधारण १४ ते १८ सामने होतात. हरा किंवा जिंका, पुढचा सामना आहेच. बाद फेरी असते, पण ती सगळ्यात शेवटी. नवख्या मुलींसाठी शाळेचा दुसरा संघ असतो, त्यांचेही सामने होतात. आणि हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या तारखांचं वेळापत्रक पालकांच्या हातात असतं.

तुम्ही म्हणाल, बाई, ती अमेरिका. तिथे हिरवीगार मैदानं आणि शाळेच्या बसेस. बरोबर आहे. मग झारखंडकडे बघू. सिमडेगा आणि खुंटी हे आदिवासीबहुल जिल्हे, पैशांची चणचण आपल्यापेक्षा जास्तच. निक्की प्रधान खुंटी जिल्ह्यातली, सलीमा टेटे सिमडेगाची. दोघी ऑलिंपिक खेळल्या आणि सलीमा २०२४ मध्ये भारताची कर्णधार झाली. त्या भागात गावोगावी 'खस्सी' स्पर्धा होतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो आणि सगळे मिळून मेजवानी करतात. मैदान गावातलं, स्टिक कधी बांबूची. तिथे मुलींना आधी मिळाले ते भरपूर सामने. टर्फ आणि प्रशिक्षक नंतर आले.

आपल्या सातारा जिल्ह्यातही उदाहरण आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या दोघी शेतकऱ्यांच्या घरातल्या मुली. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकल्या आणि भारतीय संघापर्यंत पोचल्या. प्रबोधिनीत गेलेल्या मुलीला रोज सराव आणि वर्षभर सामने मिळतात. पण तिथे निवड व्हायच्या आधी तिला कुठेतरी खेळत राहावं लागतं. ते 'कुठेतरी' म्हणजे आपली शाळा.

आम्ही काय केलं?

आमच्यापासून १५ किलोमीटरच्या आत मुलींचे हॉकी संघ असलेल्या आणखी तीन शाळा आहेत. तिघांचाही हंगाम संपलेला होता. मी फोन केले. एका सरांनी लगेच हो म्हटलं, एका मॅडमनी "मुख्याध्यापकांना विचारते" म्हटलं, तिसऱ्या शाळेत तीन वेळा जावं लागलं.

चार संघांची साखळी ठरली. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर ६ सामने होतात. आम्ही दोनदा ठेवले, म्हणजे १२. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एका मैदानावर दोन सामने, असे सहा शनिवार. प्रत्येक संघाला ६ सामने मिळाले. जिल्हा स्पर्धेतून आमच्या मुलींना मिळाला होता एक.

अडचणी आल्याच. एका शाळेकडे नऊच मुली होत्या, म्हणून आम्ही ११ ऐवजी ७ जणींचे संघ केले आणि अर्ध्या मैदानावर खेळलो. याचा फायदाच झाला. खेळाडू कमी असले की प्रत्येकीला चेंडू जास्त वेळा मिळतो, कोपऱ्यात उभं राहून लपता येत नाही. गोलकीपरचं किट चार शाळांत मिळून दोनच होते, त्यामुळे दोन सामने एकामागून एक घेतले आणि किट अंगावरून अंगावर फिरले. घामाने ओलं झालेलं हेल्मेट घालताना मुली नाक मुरडायच्या, पण घालायच्या. पंच म्हणून शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी आल्या, आता कॉलेजात आहेत. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. गुणतक्ता प्रत्येक शाळेच्या फळ्यावर सोमवारी मुलींनीच लिहायचा. बक्षीस म्हणून बोकड परवडला नसता, शेवटी चारही संघांनी मिळून मिसळ खाल्ली.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र एक कागद होता. सहा शनिवारांच्या तारखा, सामन्याची जागा, मुली किती वाजता परत येतील, सोबत कोणत्या बाई आहेत, हे सगळं टाइप करून त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का घेतला. प्रत्येक घरी एक प्रत पाठवली. सेंटर हाफच्या घरी मी स्वतः गेले. तिच्या पप्पांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे हे अजून शाळेचंच आहे होय?" मग उठून तो भिंतीवरच्या कालनिर्णयाला टाचून ठेवला. तो माणूस खेळाच्या विरोधात कधीच नव्हता. मुलगी कुठे आहे आणि का आहे, याचं उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना देता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं. ते आपण कधी दिलंच नव्हतं.

सहा सामन्यांत मुली काय शिकल्या?

एका सामन्यात मुली घाबरणं शिकतात. दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापासून खेळ शिकतात. मी पाहिलेल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, ओरडणं. हॉकीत चेंडूवर नजर ठेवून वाकून पळायचं असतं, त्यामुळे मागे कोण आहे ते दिसत नाही. मैत्रिणीने ओरडून सांगावंच लागतं: "मागे!", "डावीकडे!", "मी आहे!" आपण मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवतो. पहिल्या सामन्यात आमचा संघ अक्षरशः मुका होता. चौथ्या सामन्यात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. त्यातल्या दोघी वर्गातही हात वर करायला लागल्या.

दुसरी, पेनल्टी कॉर्नर. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरसह पाच जणी गोलरेषेवर, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला की एकीने सुसाट पुढे धावायचं, दुसरीने खांब सांभाळायचा. कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं, पण घडतं दोन-तीन सेकंदांत. जिल्हा स्पर्धेत आम्ही दोन्ही गोल याच प्रकारात खाल्ले होते. साखळीत मुलींनी स्वतः वहीत आकृत्या काढून जागा ठरवल्या. चूक सुधारायला पुढचा शनिवार होता, म्हणून चुकीवर चर्चा झाली. पुढचा सामनाच नसता तर नुसतं रडणं झालं असतं.

तिसरी, हरून परत भेटणं. ज्या संघाकडून ३-० हरलो त्याच संघाशी तीन आठवड्यांनी १-१ बरोबरी केली. हे मुलींना त्यांच्या डोळ्यांनी दिसलं. "प्रयत्न केले की जमतं" हे आपण शंभर वेळा फळ्यावर लिहितो. इथे गुणतक्त्यात लिहिलेलं होतं.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*अभ्यासाचं काय?* आठवड्यातून चार दिवस एक तास आणि शनिवारचा सामना, एवढंच मी मागते. दहावीच्या मुलींना जानेवारीपासून सुट्टी, हे आधीच जाहीर करते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि पात्र खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुणही मिळतात. पण खरं सांगू? त्या आशेने मुलीला पाठवू नका. ते फार थोड्यांना मिळतं. एक तास पळून आलेली मुलगी रात्री शांत झोपते आणि सकाळी ताजी उठते, हे मात्र सगळ्यांना मिळतं.

*लागलं तर?* हॉकीचा चेंडू कडक असतो, साधारण १६० ग्रॅम वजनाचा. शिनपॅड शिवाय मैदानात पाऊल नाही, दातांचं गार्ड असलं तर उत्तम, आणि पूर्ण किटशिवाय कोणालाही गोलमध्ये उभं करायचं नाही. हे शिक्षकांनी पाळायचं आणि पालकांनी विचारायचं.

*पाळीच्या दिवसांत?* ते मुलीने ठरवावं. बरं वाटत असेल तर खेळावं, नसेल तर बसावं, कारण सांगायची सक्ती नाही. आपलं काम एवढंच, की मैदानाजवळ पाणी असलेलं स्वच्छतागृह उघडं हवं, पॅड हवेत, आणि गणवेशाची चड्डी गडद रंगाची हवी. मुली 'पोट दुखतंय' म्हणून घरी बसतात, त्यामागे बऱ्याचदा पांढरी चड्डी आणि कुलूपबंद स्वच्छतागृह असतं.

*उन्हात काळी पडेल, लोक काय म्हणतील?* या प्रश्नावर मी राणी रामपालची गोष्ट सांगते. हरियाणातल्या शाहबाद मार्कंडा गावात हातगाडी ओढणाऱ्या वडिलांची ही मुलगी. घरात घड्याळ नव्हतं, तर आई आकाशाकडे बघून वेळेचा अंदाज घ्यायची आणि तिला पहाटे सरावाला उठवायची. पुढे तिच्याच नेतृत्वाखाली भारतीय मुली टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या. लोक आधीही बोलत होते, नंतरही बोलले. फक्त वाक्य बदललं.

आणि यंदा

यंदा जिल्हा स्पर्धेत आम्ही पहिली फेरी जिंकलो आणि दुसऱ्या फेरीत हरलो. म्हणजे चषक वगैरे काही नाही. पण पुढच्या सोमवारी सरावाला १४ मुली होत्या. सेंटर हाफ आता दहावीत आहे. डिसेंबरपर्यंत खेळणार, मग अभ्यास, असं तिनेच घरी ठरवून घेतलंय. तिच्या पप्पांनी बाजारात गाठून विचारलं, "बाई, यंदाचा कागद अजून आला नाही?"

शिक्षक मित्रांनो, हॉकीच हवी असं नाही. खो-खो असो, कबड्डी असो, हँडबॉल असो, तुमच्या मुलींचा संघ पहिल्या फेरीत हरून आला असेल तर त्याच आठवड्यात शेजारच्या हरलेल्या शाळेला फोन करा. त्यांच्याकडेही मैदान रिकामंच पडलेलं असेल. आणि पालकहो, शाळेने असा कागद पाठवला नाही, तर तुम्ही मागा. तुम्ही मागितलात की मुख्याध्यापकांना सही करावीच लागेल.